प्रस्तावना : गावच्या मंडळीचे मासिक

गावातल्या माणसाचे नाव कागदावर कुठे उमटते, हा प्रश्न गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी विचारायला हवा. तलाठ्याच्या दप्तरात जमीन असलेल्याचे नाव येते. शाळेच्या नोंदीत जो शाळेत गेला त्याचे येते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत ज्यांना यात्रा परवडली त्यांची कुळे सापडतात. पण ज्याला जमीन नव्हती, शाळा नव्हती आणि देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्याचे नाव जन्मापासून मरणापर्यंत क्वचितच कुणी लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकात नगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातल्या अशा काही कुटुंबांची नावे दोन ठिकाणी लिहिली जाऊ लागली : चर्चच्या नोंदवहीत आणि चर्चच्या मासिकात. नोंदवही कपाटात राहिली, मासिक घरोघर गेले. या पुस्तकाचा विषय ते मासिक आहे.

ज्यांनी असे मासिक कधी हातात घेतलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे रूप आधी सांगतो. पहिल्या पानावर पाळकांचे किंवा धर्मगुरूंचे पत्र असते. ते बहुधा त्या महिन्याच्या सणाला धरून लिहिलेले असते : डिसेंबरात नाताळ, मग उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, ईस्टर. त्यामागून पवित्र शास्त्रातला एखादा उतारा आणि त्यावरचे चिंतन, एखादे गीत, मुलांसाठी गोष्ट किंवा कोडे. मग खरा ऐवज येतो. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचे लग्न लागले, कोण प्रभूच्या घरी गेले. महिला मंडळाची सभा, तरुण संघाचे शिबिर, संडे स्कूलची बक्षिसे, चर्चच्या छपरासाठी कोणी किती दिले. शेवटी नवस फेडल्याचे किंवा प्रार्थना ऐकली गेल्याचे आभार, आणि मलपृष्ठावर श्रद्धांजलीचा फोटो. साहित्याच्या इतिहासकाराने या यादीकडे पाहून पान उलटले, हे समजू शकते. समाजाच्या इतिहासकाराने ते उलटू नये, असे माझे मत आहे.

चर्चचे स्थानिक मासिक ही कल्पना इंग्लंडमध्ये एका विशिष्ट युक्तीने पसरली. जानेवारी १८५९ मध्ये डर्बी शहरातले धर्मगुरू जॉन अर्स्किन क्लार्क यांनी एक मासिक काढले. त्याची मधली पाने एका ठिकाणी छापून देशभर पाठवायची आणि प्रत्येक चर्चने आपल्या बातम्यांची पाने त्याला बाहेरून जोडायची, अशी त्याची रचना होती. छपाईचा मोठा खर्च वाटला गेला आणि खेड्यातल्या लहान चर्चलाही स्वतःच्या नावाचे मासिक परवडू लागले. महाराष्ट्रात मात्र गोष्ट उलट्या बाजूने घडली. आपल्याकडच्या खेड्यातल्या मंडळीजवळ, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाजवळ, स्वतंत्र मासिक काढण्याइतके पैसे नव्हते आणि वाचणारेही थोडे होते. तेव्हा मोठ्या ठिकाणाहून एकच मासिक निघे आणि गावे आपापली पत्रे, बातम्या, अहवाल त्याकडे पाठवत. गावाचे मासिक नव्हते, मासिकात गावाचा कोपरा होता. मराठी चर्च-मासिकांचा अभ्यास इंग्रजी नमुन्यावर करू पाहणाऱ्याची पहिली अडचण इथेच येते. तो गावाच्या नावाचे मासिक शोधत राहतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

मराठी परंपरा डर्बीच्या मासिकाहून जुनी आहे, हेही लक्षात ठेवावे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले. त्यानंतर दहा वर्षांनी, जून १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. पुढे ते मुंबईहून निघू लागले. त्याचा मुख्य हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. हिंदू धर्माशी, रूढींशी, त्या काळच्या इतर पत्रांशी त्याचे वाद चालत. त्यांतली भाषा आज वाचताना अनेकदा खटकते, आणि खटकायलाच हवी. पण त्याच अंकांत भूगोल, खगोल, रोगराई, शेती, सरकारी कायदे यांवरही मजकूर असे. मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे वेगळे मासिकही चालवले.

'ज्ञानोदय'च्या इतिहासातले एक पान मी या सगळ्या परंपरेच्या समर्थनार्थ पुढे ठेवीन. १८५५ मध्ये पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध त्यात दोन भागांत छापला गेला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज सर्वांना ठाऊक आहे, अभ्यासक्रमात आहे, त्याच्यावर भाषणे होतात. तो आपल्यापर्यंत पोहोचला याचे कारण एका धार्मिक नियतकालिकाने तो छापला, हे मात्र अशा भाषणांत क्वचितच सांगितले जाते. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. तिचे म्हणणे छापताना मिशनऱ्यांचा हेतू काय होता यावर वाद घालता येईल, आणि तो घालावाही. परंतु तेव्हाच्या मराठी मुद्रित जगात तिच्या वयाच्या, तिच्या जातीच्या मुलीला तिच्या नावासह जागा देणारे पान शोधायला गेलो तर फार पाने सापडत नाहीत.

यापुढची पिढी वेगळी होती. बाबा पदमनजी, १८५७ च्या 'यमुनापर्यटन'चे कर्ते, ख्रिस्ती नियतकालिकांच्या संपादनात बराच काळ होते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला. १९१२ पासून १९१९ मधल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग पाहिला, आणि त्याची भाषाच बदलली. अनुवादाचा वास असलेल्या मिशनरी मराठीच्या जागी ओवी-अभंगाच्या वळणाची, वारकरी कानाला परकी न वाटणारी भाषा आली. खेड्यातल्या मंडळीत आज 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली टिळकांची गीते पेटी-तबल्यावर म्हटली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा देवदत्त यांनी हे काम पुढे नेले. 'ख्रिस्तायन' हे नारायणरावांचे अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात नगर, राहुरी, सातारा या भागांतले ख्रिस्ती घर आतून कसे होते ते आपल्याला दिसले. त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि हे पुस्तक थोरांविषयी नाही.

कॅथलिकांची परंपरा या प्रॉटेस्टंट परंपरेहून वेगळ्या वाटेने आली. तिचे मूळ शोधायचे तर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'पर्यंत मागे जावे लागते. मासिकापुरते बोलायचे तर ते १९०३ मध्ये सुरू झाले, तेही एका खेड्यात. जर्मन जेसुइट फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरी तालुक्यातल्या केंदळ या गावातून 'निरोप्या' काढला. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले, पुढे जपानात हिरोशिमालाही गेले. 'निरोप्या' मात्र महाराष्ट्रातच राहिला आणि त्याने शंभरी ओलांडली. त्याची प्रकृती 'ज्ञानोदय'हून निराळी आहे. वादापेक्षा भक्तीकडे त्याचा कल. संतांची चरित्रे, नोव्हेना, यात्रा, मिशन केंद्रांच्या बातम्या. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा दर सप्टेंबरात भरते. पायी, ट्रकने, एसटीने तिथे पोहोचणाऱ्या माणसांची ही दुनिया मराठी साहित्यात जवळपास कुठेच आलेली नाही. ती पाहायची तर अशा मासिकांकडेच वळावे लागते.

वसईचे प्रकरण तिसरे. तिथे लोकवस्ती दाट, साक्षरता चांगली, आणि चारशे-साडेचारशे वर्षांची ख्रिस्ती वस्ती असल्यामुळे इंग्लंडसारखी धर्मग्रामाची (पॅरिशची) स्वतःची पत्रके-मासिके चालू शकतात. त्यांच्या वर 'सुवार्ता' हे मासिक उभे आहे. १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. त्यांनी चर्चच्या मासिकात चर्चबाहेरच्या लेखकांना बोलावले, पाणी, जमीन आणि वसईच्या हिरव्या पट्ट्याचा प्रश्न त्यात आणला, आणि धार्मिक मासिक हे मराठी मासिकही असू शकते हे सिद्ध केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आमच्या मराठवाड्यात, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवर जो वाद झाला, त्याने एवढेच दाखवले की दीड शतकाहून अधिक काळ मराठीत लिहिणाऱ्या या समाजाची ओळख पुष्कळ मराठी वाचकांना अजून झालेली नव्हती. (गोव्यातली कोंकणी परंपरा, १९१५ मध्ये कराचीत सुरू झालेले 'दोर म्हयन्याची रोटी' आणि १९३३ चे 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, इथे नुसता उल्लेख करतो.)

आता मराठवाडा. ही प्रस्तावना घाटनांदूरला बसून लिहीत आहे, म्हणून या भागाकडे थोडे अधिक पाहणे मला भाग आहे. अंबाजोगाई तालुक्यातले, बालाघाटाच्या माथ्यावरचे, परळी आणि लातूर रोडच्या मधले हे रेल्वेचे गाव. अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. इथे मराठी लिहिण्याची परंपरा आठशे वर्षांची सांगितली जाते. तरीही १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चाले आणि मराठी छापील शब्द दुर्मीळ होता. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र काढले ते १९३८ मध्ये, आणि त्यावर पुन्हापुन्हा बंदी आली. अशा मुलखात, बीडच्या पश्चिमेला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातून किंवा मुंबई-पुण्याहून टपालाने येणारे मराठी मासिक ही साधी गोष्ट नव्हती. जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वस्ती उभारली. औरंगाबाद परिसरात इंग्लिश आणि फ्रेंच मिशनऱ्यांनी काम केले. त्या वस्त्यांतल्या शाळांत जो अक्षर शिकला त्याच्या हाती वाचायला जे पडले, त्यात ही मासिके होती.

या मासिकांचा गावातला वाहक म्हणजे मास्तर. आठवडाभर मुलांना शिकवणारा, रविवारी उपासना चालवणारा, रात्री कंदिलाखाली लोकांचे अर्ज लिहून देणारा हा माणूस मिशनच्या कागदपत्रांत फार खालच्या पायरीवर दिसतो. पगार तुटपुंजा, घर मिशनचे, बदली वरच्याच्या मर्जीवर. पण मासिक त्याच्या नावाने येई, तोच ते मोठ्याने वाचून दाखवी, आणि गावची बातमी लिहून तोच परत पाठवी. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असा तो व्यवहार होता, म्हणून वर्गणीदारांच्या आकड्यावरून या मासिकांचा पसारा मोजू नये. बायबल सांगत वस्त्यावस्त्यांतून फिरणाऱ्या बायांचेही तेच. त्यांचे अहवाल छापले गेले ते बहुधा मडमसाहेबांच्या सहीने. त्या सहीमागची बाई शोधून काढणे हे अभ्यासकाचे काम आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तर बायकांनीच खिळे जुळवले आणि छापखाना चालवला. पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, त्याच हातांनी छापले गेले.

आजच्या बीड जिल्ह्याचे वर्ष ऊसतोडीने बांधलेले आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते (तोडणीच्या जोड्या) बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नाताळ आणि बहुतेकदा उपवासकाळही त्यातच येतो. कारखान्याच्या तळावर, कोपीत, नाताळ करणाऱ्या कुटुंबाला गावच्या मंडळीशी बांधून ठेवणारी जी थोडी साधने आहेत त्यांत हे मासिक होते. आज त्याची जागा मोबाइलवरच्या गटाने घेतली आहे. मराठवाड्यातल्या चर्चचा कोणताही इतिहास स्थलांतराला वगळून लिहिला तर तो अर्धा राहील.

मासिक चालते कसे, याची माहिती नव्या वाचकाला सहसा नसते. संपादक बहुधा बिनपगारी असतो. वर्गणी वर्षानुवर्षे वाढवलेली नसते, कारण वाढवली की वर्गणीदार गळतात. तोटा सणाच्या विशेषांकातल्या जाहिरातींनी आणि श्रद्धांजलीच्या पानांनी भरून निघतो. नियतकालिक म्हणून नोंदणी केली तर टपालाची सवलत मिळते, पण कागदपत्रे सांभाळणे आले. म्हणून लहान धर्मग्रामांची कित्येक पत्रके 'फक्त खाजगी वितरणासाठी' असा शिक्का घेऊन निघतात. खिळ्यांच्या छपाईनंतर सायक्लोस्टाइल, त्यानंतर ऑफसेट आणि डीटीपी, असा त्यांचा प्रवास. सायक्लोस्टाइलची शाई आणि कागद दोन्ही टिकत नाहीत. जी पत्रके गावाच्या सर्वांत जवळची होती तीच आज सर्वांत कमी उरली आहेत.

आता या मासिकांतल्या उणिवांविषयी बोलायला हवे, नाहीतर प्रस्तावना स्तुतिपाठ होईल. चर्चच्या आतली भांडणे त्यांत येत नाहीत. मालमत्तेचे खटले, पाळकाच्या नेमणुकीवरून पडलेले गट, विश्वस्तांचे वाद यांबद्दल ही पाने गप्प असतात. सर्वांत जास्त गप्प असतात जातीबद्दल. बाप्तिस्म्याने जात सुटली असे लेखात म्हणायचे आणि बसण्या-उठण्यात, सोयरिकीत ती पाळायची, हा दुटप्पीपणा मासिकाने फार थोड्या वेळा उघडा केला. मरणाऱ्या प्रत्येकाला एकाच साच्यातले गुणगान मिळते. स्त्रिया चहापाण्याच्या आभारात येतात, निर्णयाच्या ठरावात येत नाहीत. हा मजकूर वाचताना छापलेल्याइतकेच न छापलेलेही वाचावे लागते.

शिवाय नाव छापणे ही निरुपद्रवी गोष्ट राहिलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या अनेक कुटुंबांचे चर्चमधले नाव एक आणि दाखल्यावरचे दुसरे असते. ज्या मासिकाने एकेकाळी निनावी माणसाला नाव दिले, त्याच मासिकातली बाप्तिस्म्याची यादी आज कुणाच्या पोटावर येऊ शकते. ही कोंडी त्या कुटुंबांनी निर्माण केलेली नाही. या पुस्तकात अलीकडच्या अंकांतली व्यक्तिनावे गाळली आहेत ती याच कारणाने, आणि तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

हे सारे आत्ताच का? कारण साधने संपत चालली आहेत. गंगाधर मोरजे यांनी 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' लिहून पाया घातला. दाते, काळे आणि बर्वे यांच्या नियतकालिकांच्या सूचीने १८०० ते १९५० या काळातल्या मासिकांची मोजदाद केली. पण सूचीत येण्यासाठी अंक कुठल्यातरी ग्रंथालयात पोहोचावा लागतो. पुस्तके आणि वृत्तपत्रे ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवण्याचा १९५४ चा कायदा आहे, पण खाजगी वितरणाचे पत्रक त्या वाटेला जात नाही. ते पेटीत राहते, घर बदलताना रद्दीत जाते. आता तर बरीच पत्रके पीडीएफ होऊन फोनवर येतात आणि फोन बदलला की नाहीशी होतात. 'ज्ञानोदय'च्या १८५५ च्या अंकातले मुक्ता साळवेचे पान आपल्याला मिळाले. २०१५ चे एखाद्या गावचे पत्रक आपल्या नातवंडांना मिळेल याची खात्री मला देता येत नाही.

या पुस्तकाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा मला आवडली. मिशनचा संपूर्ण इतिहास सांगण्याचा किंवा धर्मांतर बरे की वाईट याचा निवाडा करण्याचा त्याचा दावा नाही. जुन्या-नव्या मासिकांतला रोजच्या जगण्याचा मजकूर निवडायचा, त्याच्याशेजारी तो काळ आणि तो गाव समजेल इतके विवेचन ठेवायचे आणि बाकीचे वाचकावर सोपवायचे, एवढेच त्याने केले आहे. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक मजकूर एका जिल्दीत शेजारी ठेवला, हे त्याचे धाडस; दोन्हीकडच्या मंडळींना अशी सवय नाही. देशावरच्या आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात, जातीत, बोलीत केवढे अंतर आहे ते यामुळे स्पष्ट दिसते. मराठवाड्याचा भाग मला अजूनही अपुरा वाटतो. तो अपुरा आहे कारण साहित्य हाती आले नाही, आणि ते पुरे करणे संपादकांच्या एकट्याच्या हातात नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, मंडळीच्या कपाटात, मास्तर असलेल्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत 'ज्ञानोदय', 'निरोप्या', 'सुवार्ता' यांचे किंवा कुठल्याही लहान चर्चच्या पत्रकाचे जुने अंक असतील तर ते रद्दीत देऊ नका. अंक फाटका असला, पाने गहाळ असली तरी चालेल. त्यावर गावाचे नाव आणि साल पेन्सिलीने लिहा, मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ अंक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा मराठी विभागाला दाखवा.